नागीण होऊन गेल्यानंतरची लस : किती थांबावे आणि कशासाठी

नागिणीविरुद्धची लस पन्नाशी उलटलेल्यांना घेता येते, ही गोष्ट महाराष्ट्रातील शहरी वाचकांना आता बऱ्यापैकी ठाऊक झाली आहे; परंतु ज्यांना हा आजार एकदा होऊन गेला आहे त्यांनी ती घ्यावी की नाही, आणि घ्यायची तर खपल्या पडल्यापासून किती काळाने, या प्रश्नाला निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञ समित्यांनी दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या मते पुरळ बरे झाले आणि तीव्र लक्षणे ओसरली की लस देता येते, त्यासाठी ठरावीक मुदत पाळण्याचे कारण नाही. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथील मार्गदर्शक सूचना मात्र निरोगी प्रतिकारशक्ती असलेल्या रुग्णाला साधारण एक वर्ष थांबायला सांगतात. लस तीच आणि अभ्यासही तेच असताना असे वेगळे सल्ले मिळाले, तर सामान्य माणसाने गोंधळून जावे यात नवल नाही. वस्तुतः हे सल्ले परस्परविरोधी नसून दोन वेगळ्या प्रश्नांना दिलेली उत्तरे आहेत. लस कधीपासून सुरक्षितपणे देता येते, हा पहिला प्रश्न आहे आणि ती कधी दिली असता तिचा अधिकाधिक उपयोग होतो, हा दुसरा. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की जिथे थांबणे केवळ सोयीचे आहे तिथे ते बंधनकारक वाटू लागते, आणि जिथे थांबू नये तिथेही रुग्ण थांबून राहतो.

नागीण हा बाहेरून नव्याने लागणारा संसर्ग नाही. लहानपणी कांजिण्या झाल्या की त्यांचा विषाणू शरीरातून निघून जात नाही. पाठीच्या कण्यालगत आणि कवटीच्या तळाशी संवेदी मज्जातंतूंच्या पेशींचे जे छोटे पुंजके असतात, ज्यांना गुच्छिका म्हणतात, त्यांत तो सुप्तावस्थेत राहतो. त्याला तिथे दाबून ठेवण्याचे काम मुख्यतः टी-पेशी करतात, म्हणजे विषाणूबाधित पेशी ओळखून त्यांचा बंदोबस्त करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. रक्तातील प्रतिपिंडांचा वाटा त्यात कमी असतो. वाढत्या वयात, कर्करोगाच्या उपचारांत, अवयवरोपणानंतर किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेत असताना ही पेशीजन्य प्रतिकारशक्ती क्षीण होते, एखाद्या गुच्छिकेतील विषाणू पुन्हा वाढू लागतो आणि त्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. एकाच मज्जातंतूच्या क्षेत्रात, शरीराच्या एकाच बाजूला, मध्यरेषेपाशी थांबणारा फोडांचा पट्टा उमटतो तो याचमुळे. कंबरेभोवती नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की रोगी दगावतो, ही समजूत अजूनही ऐकू येते; परंतु पुरळ ज्या मज्जातंतूच्या वाटेने येते त्या मज्जातंतूची हद्दच मध्यरेषेशी संपत असल्यामुळे ते सहसा कंबरेला वेढा घालत नाही. या समजुतीचे खरे नुकसान वेगळे आहे. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू व्हावे लागते, आणि नेमका तोच काळ गेरूचा लेप लावण्यात किंवा मंत्राने नागीण उतरवून घेण्यात निघून जातो.

थांबण्याच्या मुदतीमागचा तर्क समजण्यासाठी इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या छोट्या गावातील एडगर होप-सिम्पसन या डॉक्टरांच्या कामाकडे वळावे लागते. हे गृहस्थ मोठ्या विद्यापीठातील संशोधक नव्हते, तर गावात दवाखाना चालवणारे वैद्य होते. आपल्याकडे नोंदवलेल्या सुमारे साडेतीन हजार लोकांमधील नागिणीचे रुग्ण त्यांनी सोळा वर्षे नेटाने टिपून ठेवले. त्या १९२ रुग्णांच्या आधारे १९६५ मध्ये त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला तो आजही या विषयाचा पाया मानला जातो. वयाबरोबर नागिणीचे प्रमाण कसे चढत जाते हे त्यांनी दाखवले, आणि पंचाऐंशी वर्षे जगणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना ती कधी ना कधी होईल असा अंदाज बांधला. त्याहून महत्त्वाची होती ती त्यांची उपपत्ती : कांजिण्यांनंतर मिळालेली प्रतिकारशक्ती हळूहळू उतरत जाते, मधूनमधून कांजिण्या झालेल्या मुलांशी संपर्क आला किंवा आतला विषाणू किंचित डोके वर काढून पुन्हा दबला की ती पुन्हा चढते, आणि ती एका विशिष्ट पातळीखाली गेली तरच नागीण प्रकट होते. या विचारानुसार नागिणीचा प्रत्यक्ष झटका हीदेखील प्रतिकारशक्तीला मिळालेली मोठी उजळणीच ठरते, कारण त्या काही दिवसांत शरीराचा विषाणूच्या सगळ्या घटकांशी थेट आणि जोरकस सामना होतो.

पुढील काळातील प्रयोगशाळेतील मोजमापांनी या उपपत्तीला चांगला आधार दिला. साठीपुढील व्यक्तींमध्ये नागिणीनंतर या विषाणूविरुद्धची पेशीजन्य प्रतिक्रिया झपाट्याने वाढते आणि तिची पातळी पुढची साधारण तीन वर्षे जुन्या जिवंत लशीने मिळणाऱ्या पातळीच्या जवळपास राहते, असे आढळले. ‘आत्ताच नागीण झाली आहे, मग लगेच लस कशाला’ या विचाराचे शास्त्रीय मूळ इथे आहे. त्यात तथ्य आहे, मात्र त्याची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. ही मोजमापे गटाची सरासरी सांगतात. एखाद्या विशिष्ट रुग्णाची प्रतिकारशक्ती किती चढली आणि किती टिकेल, हे त्यांवरून कळत नाही. शिवाय ज्याची प्रतिकारयंत्रणा औषधांनी दाबलेली आहे त्याला ही नैसर्गिक उजळणी पुरेशी मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

लशींकडे वळले असता प्रथम एक अडचण समोर येते. २००६ मध्ये अमेरिकेत परवाना मिळालेली झोस्टाव्हॅक्स ही लस जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७० च्या दशकात तयार केलेल्या ओका या क्षीण केलेल्या विषाणुवाणापासून बनवलेली होती. साठीवरील ३८ हजारांहून अधिक लोकांवरील चाचणीत तिने नागिणीचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी आणि नंतर रेंगाळणाऱ्या वेदनेचे प्रमाण सुमारे ६६ टक्क्यांनी घटवले. तिची जागा घेणाऱ्या शिंग्रिक्स या लशीत जिवंत विषाणू नाही. विषाणूच्या आवरणावरील ‘ग्लायकोप्रोटीन ई’ हे एकच प्रथिन आणि त्याला प्रतिकारयंत्रणेने जोरदार उत्तर द्यावे म्हणून मिसळलेले सहायक द्रव्य एवढेच तिचे मुख्य घटक आहेत, आणि त्या द्रव्यातील एक भाग दक्षिण अमेरिकेतील क्विलाया वृक्षाच्या सालीपासून मिळतो. पन्नाशीवरील १५,४११ जणांच्या चाचणीत लस घेतलेल्या गटात सहा, तर नुसते बिनऔषधी इंजेक्शन घेतलेल्या गटात २१० जणांना नागीण झाली, म्हणजे ९७ टक्के संरक्षण मिळाले. सत्तरीपुढेही ते ९० टक्क्यांच्या आसपास राहिले आणि लशीनंतर सहा ते अकरा वर्षांच्या टप्प्यात सुमारे ८० टक्के टिकून असल्याचे दीर्घकालीन पाठपुराव्यात दिसले. हे आकडे लसीकरणाच्या इतिहासात विरळा म्हणावेत असे आहेत. तथापि या दोन्ही लशींच्या मुख्य चाचण्यांत आधी नागीण होऊन गेलेल्यांना घेतलेच नव्हते. त्यामुळे ज्या गटाविषयी हा लेख आहे, त्याला ९७ टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.

मग मुळात नागीण पुन्हा होते का, आणि किती जणांना? ‘ती एकदाच होते’ हा समज रुग्णांत आणि कधी कधी डॉक्टरांतही खोलवर रुजलेला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील ओल्मस्टेड परगण्यात, जिथे जवळजवळ सर्व रहिवाशांच्या वैद्यकीय नोंदी एकत्र जोडलेल्या आहेत, १९९६ ते २००१ दरम्यान नागीण झालेल्या १,६६९ प्रौढांचा २००७ अखेरपर्यंत माग काढण्यात आला. त्यांपैकी ९५ जणांना ती पुन्हा झाली, काहींना एकाहून अधिक वेळा. आठ वर्षांत पुनरावृत्तीचे अंदाजी प्रमाण ६.२ टक्के आले. स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा अधिक होते, पहिल्या वेळी महिनाभर किंवा त्याहून जास्त काळ वेदना राहिलेल्यांत अधिक होते आणि प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांत एकूण प्रमाणाच्या जवळपास दुप्पट होते. हा दर पहिल्यांदा नागीण होण्याच्या दराशी तुलना करण्याइतका आहे, म्हणजेच काही वर्षांच्या पल्ल्यात पाहिले तर एकदा झाल्याने माणूस कायमचा सुटत नाही. याउलट दक्षिण कॅलिफोर्नियातील एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या नोंदींत, नुकतीच नागीण झालेल्या निरोगी ज्येष्ठांमध्ये लगेचच्या काळातील पुनरावृत्ती फारच कमी आढळली, आणि जुनी लस घेतलेल्या व न घेतलेल्या गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले की चित्र स्पष्ट होते : निरोगी माणसाला पहिली एक-दोन वर्षे बरेच संरक्षण असते, पुढे ते विरत जाते, आणि लशीचे काम खरे तर तिथून पुढे सुरू होते.

दुसरी शंका सुरक्षिततेची आहे. ज्या सहायक द्रव्यामुळे नवी लस इतकी प्रभावी झाली, तेच द्रव्य प्रतिकारयंत्रणेला ढवळून काढून सुप्त विषाणू जागा तर करणार नाही ना, असे विचारले जाते, आणि हा प्रश्न रास्त आहे. लशीत जिवंत विषाणू नसल्यामुळे लशीतूनच नागीण होणे शक्य नाही. प्रश्न आधीच शरीरात असलेल्या विषाणूचा आहे. नागीण होऊन गेलेल्या ९६ जणांवरील सुरुवातीच्या छोट्या अभ्यासात प्रतिपिंडांची निर्मिती उत्तम झाली, परंतु काही सहभागींनी पुन्हा नागीण झाल्याचे कळवले. त्यांचे निदान प्रयोगशाळेत पडताळलेले नव्हते आणि तुलनेसाठी लस न दिलेला गटही नव्हता, त्यामुळे शंका ना फिटली ना पक्की झाली. पुढे याच प्रश्नासाठी, आधी नागीण झालेल्या पन्नाशीवरील हजाराहून अधिक व्यक्तींवर, लस आणि बिनऔषधी इंजेक्शन यांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे वाटणी करून चाचणी घेण्यात आली, आणि लस घेतलेल्यांत पुनरावृत्ती वाढल्याचे आढळले नाही. सर्वसाधारण रुग्णापुरता हा प्रश्न त्यामुळे मिटला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

डोळ्याच्या नागिणीबाबत मात्र थोडे अधिक सावध राहावे लागते. कपाळ, पापणी आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूत विषाणू जागा झाला की बुबुळाला आणि डोळ्याच्या आतील भागाला सूज येऊ शकते, आणि ती महिनोन्‌महिने कमी-अधिक होत राहते. अमेरिकेतील विमादाव्यांच्या नोंदींवर आधारित, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा रुग्णांना नव्या लशीनंतरच्या ५६ दिवसांत डोळ्याचा त्रास पुन्हा उद्भवण्याचा धोका काहीसा वाढलेला दिसला. विमादाव्यांच्या नोंदी उपचारासाठी ठेवलेल्या नसतात आणि लस घेतल्यावर माणूस डॉक्टरांकडे अधिक वेळा जातो, या मर्यादा धरूनही ही नोंद दुर्लक्षून चालणार नाही. अशा रुग्णांना लस नाकारावी असा तिचा अर्थ नाही, कारण पुन्हा नागीण झाल्यास त्यांच्या दृष्टीलाच धोका असतो. परंतु डोळा पूर्णपणे शांत झाल्याची खातरजमा नेत्रतज्ज्ञांकडून करून घ्यावी आणि लशीनंतरचे दोन महिने तपासणी चुकवू नये, एवढे त्यातून निश्चित निघते.

या पार्श्वभूमीवर निरनिराळ्या देशांच्या सूचना पुन्हा वाचल्या की त्यांचे तर्कशास्त्र उलगडते. आजार तीव्र असताना लस देऊ नये, यावर सर्वांचे एकमत आहे. ती चालू नागिणीवरचा उपचार नाही, आणि ताप, वेदना व फोड असताना दिल्यास लशीचा त्रास कोणता आणि आजाराचा कोणता हेही कळत नाही. अमेरिकी सूचना या एकमेव भक्कम अटीपाशी थांबतात. २०१८ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय सल्लागार समितीने एक वर्षाचे अंतर सुचवले, आणि ऑस्ट्रेलिया व ब्रिटनच्या सूचनांतही तोच काळ आहे. परंतु तीन महिने, सहा महिने आणि बारा महिने अशी अंतरे समोरासमोर ठेवून केलेल्या चाचणीतून हे वर्ष आलेले नाही. नैसर्गिक संरक्षण साधारण किती टिकते, सार्वजनिक पैशाने विकत घेतलेली लस कोणत्या वेळी दिल्यास अधिक आजार टळतील, आणि रुग्णाला व परिचारिकेला लक्षात ठेवायला सोपा आकडा कोणता, अशा विचारांतून ते निघालेले आहे. म्हणूनच ते मोडल्यास अपाय होतो असे समजू नये. नागिणीनंतर पाच महिन्यांनी कोणी लस घेतली तर चूक झाली असे होत नाही आणि ती मात्रा वायाही जात नाही.

मुदत लवचीक मानण्याचे सर्वात मोठे कारण म्हणजे प्रतिकारशक्ती दुबळी असलेले रुग्ण. संधिवातासाठी जॅक-प्रतिबंधक गोळ्या घेणारे, रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेले, मूत्रपिंडाचे रोपण झालेले, एचआयव्हीबाधित अशांना पहिल्या नागिणीने मिळणारी उजळणी अपुरी ठरू शकते आणि पुनरावृत्तीही लवकर व उग्र होऊ शकते. ऑस्ट्रेलियाच्या सूचना अशांसाठी वर्षाऐवजी किमान तीन महिन्यांचेच अंतर ठेवतात, आणि अमेरिकेने २०२१ पासून अशा रुग्णांसाठी वयाची अट एकोणीस वर्षांपर्यंत खाली आणून दोन मात्रांमधील अंतरही एक ते दोन महिन्यांपर्यंत कमी करण्याची मुभा दिली. येथे खरे घड्याळ नागिणीच्या तारखेचे नसून पुढच्या उपचारांचे असते : केमोथेरपीचे पुढचे आवर्तन किंवा नवे प्रतिकारशक्तिदमन करणारे औषध सुरू होण्यापूर्वी दोन्ही मात्रा बसवता येतात का, हे आधी पाहावे. एका वर्षात दोनदा नागीण झालेल्या व्यक्तीची प्रतिकारयंत्रणा लशीपूर्वी तपासून घ्यावी, ही ब्रिटनमधील सूचनाही याच कारणाने मोलाची आहे; वारंवार येणारी नागीण कधी कधी लपलेल्या मोठ्या आजाराची पहिली खूण असते.

भारतीय दवाखान्यात या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारावा लागतो, तो म्हणजे जे होऊन गेले ती खरोखर नागीण होती का. पावसाळ्यात दिव्याकडे येणारा पिडेरस जातीचा बारीक भुंगेरा मानेवर किंवा दंडावर चिरडला गेला की त्याच्या अंगातील दाहक द्रवाने दिवसा-दोन दिवसांत आगीचा लांबट ओरखडा उठतो, त्यावर बारीक फोड येतात, आणि घरची मंडळी ‘नागीण उठली’ म्हणून मोकळी होतात. हा ओरखडा मज्जातंतूच्या क्षेत्राशी जुळत नाही, कोपराच्या खोबणीत समोरासमोर त्याचे दोन जुळे डाग उमटतात, आणि पुरळापूर्वी चार-पाच दिवस ठणकणारी ती खास वेदनाही त्यात नसते. ओठांवर किंवा नितंबांवर पुन्हा पुन्हा त्याच जागी येणारे फोड बहुधा हर्पिस सिम्प्लेक्स या वेगळ्या विषाणूचे असतात, ज्यावर ही लस काहीच करत नाही. दर काही महिन्यांनी ‘नागीण’ होते असे सांगणाऱ्या रुग्णाच्या फोडातील द्रवाची पीसीआर चाचणी म्हणूनच करायला हवी. जुने निदान संशयास्पद असेल तर त्यासाठी लस लांबवू नये, कारण आधी नागीण झाली असो वा नसो, पन्नाशीनंतर लशीची शिफारस सारखीच आहे; मात्र चुकीच्या निदानावरून वर्षभर थांबणे म्हणजे खऱ्या पहिल्या नागिणीला वाट मोकळी करून देणे.

पुरळ गेले तरी वेदना न गेलेल्या रुग्णांचा प्रश्न सूचनांच्या भाषेत नीट बसत नाही. तीन महिन्यांनंतरही टिकून राहणाऱ्या वेदनेला पश्चनागीण मज्जाशूल म्हणतात. नागीण झालेल्यांपैकी दहा ते अठरा टक्क्यांना ती गाठते, आणि वय वाढते तसे तिचे प्रमाण व चिवटपणा दोन्ही वाढतात. अंगातल्या सदऱ्याचा स्पर्श किंवा पंख्याचा वारा सोसवत नाही, अशी ती अवस्था असते. ‘लक्षणे ओसरल्यावर’ या शब्दांचा काटेकोर अर्थ लावला तर या माणसाला लस कधीच देता येणार नाही. तसा अर्थ लावणे चुकीचे आहे. विषाणूची वाढ थांबलेली असते आणि उरलेली वेदना इजा झालेल्या मज्जातंतूची असते, त्यामुळे ती लशीच्या आड येत नाही. लशीने ही वेदना कमी होणार नाही, हे रुग्णाला आधीच स्पष्टपणे सांगितले पाहिजे, नाहीतर अपेक्षाभंगाने तो दुसरी मात्रा टाळतो.

दुसऱ्या मात्रेचा प्रश्न भारतात विशेष गंभीर आहे. एप्रिल २०२३ मध्ये ही लस भारतीय बाजारात आली; ती सरकारी लसीकरण कार्यक्रमात नाही आणि एका मात्रेला दहा हजार रुपयांच्या आसपास मोजावे लागतात, त्यामुळे निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या दांपत्याला चार इंजेक्शनांचा खर्च सहज पेलण्यासारखा नसतो. त्यात पहिल्या मात्रेनंतर दंड सुजतो व दुखतो, बहुतेकांना एक-दोन दिवस अंगदुखी, थकवा किंवा कणकण जाणवते, आणि चाचण्यांत साधारण सहांपैकी एकाला रोजचे व्यवहार थांबवावे लागतील इतका त्रास झाला. वयोवृद्धांमध्ये दर दहा लाख मात्रांमागे सुमारे तीन अधिक जणांना गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार झाल्याचे दिसल्यामुळे अमेरिकी औषध प्रशासनाने २०२१ मध्ये माहितीपत्रकात तसा इशाराही जोडला. हा धोका अत्यल्प आहे, पण तो सांगूनच लस द्यावी. दोन मात्रांमधील नेहमीचे अंतर दोन ते सहा महिन्यांचे आहे. ते लांबले तरी पहिली मात्रा बाद होत नाही, दुसरी तेवढी घेतली की पुरते. पहिल्या मात्रेनंतर आणि दुसरीपूर्वी नागीण उठली तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, विषाणुरोधक गोळ्यांचा या लशीवर परिणाम होत नसल्याने त्या निर्धास्तपणे घ्याव्यात, आणि खपल्या पडून अंग सावरले की राहिलेली मात्रा पूर्ण करावी.